याले कोनी बोलावलं?

जो माणूस अनोळखी, बेशुद्ध लोकांच्या पायांना हात लावत फिरतो, त्याच्यावर संशय घेतलाच पाहिजे, असं माझं मत होतं आणि थोड्याफार फरकानं आजही आहे.

वझलवार सर रोज सकाळी रायपूरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिरायचे. मागे फार्मसी कॉलेजच्या पोरापोरींची रांग. पहिल्याच खाटेपाशी थांबून ते चादर बाजूला सारायचे आणि पेशंटच्या पावलावर हात ठेवायचे. पेशंट उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला विशीतला मजूर असो, नाहीतर अभनपूरची आजीबाई. मग तो हात वर जायचा, नाकावरचा चष्मा सावरायचा, आणि सर पुढच्या खाटेकडे वळायचे.

हे मला ठाऊक, कारण काचेच्या दाराबाहेर मी उभी असायची. आमच्या रुग्णहक्क मंचाची तेव्हा ‘अतिदक्षता की अतिदक्षिणा?’ ही मोहीम जोरात होती. नाव माझंच. राजधानी झाल्यापासून रायपुरात सगळंच राजधानी झालं होतं. राजधानी भोजनालय, राजधानी हेअर कटिंग, राजधानी टायर वर्क्स. रुग्णालयंही तशीच उगवली होती, बाहेर कारंजं आणि आत नातेवाइकांना बसायला बाकडं नाही. त्या नातेवाइकांना आम्ही पत्रकं वाटत होतो.

एका सकाळी अभनपूरच्या एका माणसानं काचेतून पाहिलं की आपल्या आईच्या खाटेपाशी कोणी पिकल्या केसांचा माणूस वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. पिकल्या केसांची माणसं दवाखान्यात पायांना हात कधी लावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानं तिथंच बसकण मारली आणि "मोर दाई चल दिस", माझी आई गेली, म्हणून गळा काढला. त्याच्यामागे त्याच्या बायकोनं, बायकोमागे दुसऱ्याच पेशंटच्या दोन बायकांनी. सर धावत बाहेर आले.

"अरे जिंदा है तुम्हारी दाई. पाँव ठंडे हैं, बस. पाँव ठंडे हैं तो देखना पड़ता है ना, काहून ठंडे हैं."

‘का’ऐवजी ‘काहून’ ऐकून मला कळलं की माणूस मराठी, आपल्यातला आहे. आपल्यातला आहे म्हटल्यावर माझा संशय वाढला.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. छत्तीसगड हे रामाचं आजोळ, म्हणून इथं भाचा म्हणजे देव. मामा कितीही म्हातारा असला तरी तो भाच्याच्या, भाचीच्या पाया पडतो. आमची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून हेच शिकलीत. त्यामुळे एका तरुण पेशंटच्या काकानं सरांना साहजिकच विचारलं, "कस गुरुजी, ये तुँहर भांचा लगथे का?"

"हव," सर म्हणाले.

तो पोरगा साहू, सर वझलवार. कसला भाचा? मी हे नीट लक्षात ठेवलं. आणखी दोनदा तिसऱ्याच लोकांनी तेच विचारलं, आणि दोन्ही वेळा सरांनी तितक्याच शांतपणे "हव" म्हटलं. मोठ्या रुग्णालयात ज्याला प्रत्येक पेशंट भाचा लागतो, तो माणूस काहीतरी लपवतोय हे सांगायला पत्रक कशाला लागतं? पण मी पत्रक काढलं.

त्याआधी चौकशी केली. आमच्या शेजारची पूर्वा त्यांच्याच वर्गात. घरी आई मराठीत विचारते आणि पोट्टी हिंदीत उत्तर देते, अशातली.

"तुमचे सर तिथं करतात काय?" मी विचारलं.

"दीदी, पढ़ाते हैं. क्रिटिकल पेशंट को कैसे देखना."

"ते डॉक्टरांचं काम. तुम्ही औषधवाले."

"वही तो. सर बोलते हैं, बेड पर जितनी दवा लटकी है, हर एक से पूछो, याले कोनी बोलावलं."

पूर्वाच्या तोंडून मी पहिल्यांदा मराठी वाक्य ऐकलं ते हे.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान या एका प्रश्नात होतं. त्यांच्या मते औषध म्हणजे लग्नातला पाहुणा. बोलावणं कोणाचं, कशासाठी आला, जेवला का, आणि जेवला असेल तर अजून बसून काहून आहे? आयसीयूतल्या माणसाला एका वेळी इतकी औषधं चालू असतात की मांडवात वऱ्हाड कोणतं आणि फुकटे कोणते हे कळत नाही. ते ओळखायचं काम या पोरांचं. पण पाहुणे मोजायच्या आधी घर पाहायचं. म्हणून वर्गाचा दुसरा नियम, "फाईल मागून. मानूस आधी." फाईलला हात लावलेला दिसला की सर त्या विद्यार्थ्याला खाटेच्या पायथ्याशी उभं करायचे. डोळ्यांपासून सुरुवात, मग श्वास, हात, पोट, लघवीची पिशवी, घोटे आणि शेवटी पाऊल. उलट्या हातानं पाहायचं, थंड का गरम. रक्त शरीराच्या शेवटच्या गावापर्यंत पोचतंय की वाटेतच अडलंय, ते पाऊल सांगतं.

हे शास्त्र झालं. पण वर्गातली सगळी पोरं पाऊल पाहून झालं की कपाळाशी हात नेऊन चष्मा सावरायची. पूर्वाला चष्माच नाही, तरी तिचाही हात जायचा.

"हे काय?" मी विचारलं.

"पता नहीं दीदी. सर करते हैं तो स्टेप होगा."

याला शिक्षण म्हणत नाहीत. याला पंथ म्हणतात.

दवाखान्याबाहेरही सर तसेच. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा नव्या राज्याचे एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून आले. हार घालायला सरांना बोलावलं. सरांनी हार घातला आणि सरळ खाली वाकले. पाहुणे गहिवरले, सरांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "यशस्वी व्हा." सर काही उठेनात. त्यांनी पाहुण्यांच्या पायमोजाच्या वर अंगठा रोवून धरला होता. मग सोडला आणि पडलेला खड्डा न्याहाळत बसले.

"आशीर्वाद राहू द्या साहेब," खालून आवाज आला, "बीपीची गोळी कोनती चालू हाय?"

माईक सुरूच होता.

पाहुण्यांनी पुढचं भाषण पाय खुर्चीखाली ओढून केलं. नंतर म्हणे त्यांच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली आणि सूज उतरली. पण मंडळानं सरांना पुन्हा हार दिला नाही.

तर माझं पत्रक. शीर्षक ‘रुग्ण म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर नव्हे’. आरोप तीन. शुद्धीवर नसलेल्या माणसांचा शाळेच्या फळ्यासारखा वापर, पावलांना लावलेला हात न धुता चष्म्याला लावण्याची घाण सवय, आणि नातेवाइकांना खोटं नातं सांगून विश्वास मिळवणं. मी ते दारात त्यांच्याच हातात दिलं. आमच्याकडे पाठीमागून वार करायची पद्धत नाही.

सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग खिशातून पेन काढलं.

"‘निर्दय’," ते म्हणाले, "याले कोनी बोलावलं?"

"म्हणजे?"

"वाक्य त्याच्याबिगर उभं राहून राहिलं ना. मंग काढा. ‘अमानुष’ बी काढा, तो निर्दयचाच भाऊ. ‘बड्या भांडवलदारांच्या इशाऱ्यावर’... ताई, मले तर कॉलेजचा शिपाई बी इशारा करत नाही. काढा. ‘नफेखोर’ राहू द्या, त्याले काम हाय."

माझ्या पत्रकातले अर्धे शब्द त्यांनी घरी पाठवले. दुसऱ्या आरोपापाशी मान हलवली. "हे बराबर. हात धुवायले पाहिजे. उद्यापासून धुतो." पहिल्या आरोपावर म्हणाले, "घरच्यांले विचारल्याबिगर आता पोट्टे आत नेत नाही. हेबी बराबर." तिसऱ्यापाशी ते थांबले. पेनाला टोपण लावलं.

"हे?" मी विचारलं. मला वाटलं, सापडला.

"हे राहू द्या," सर म्हणाले आणि पत्रक परत देऊन आत गेले.

आरोप मान्य करणारा माणूस मोहिमेच्या दृष्टीनं निरुपयोगी असतो. पण मी लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून सर खरंच पाऊल पाहिलं की बेसिनपाशी जाऊन हात धुवायचे, नीट पुसायचे, परत खाटेपाशी यायचे आणि मग चष्मा सावरायचे. आता मला सांगा, चष्मा घसरला असेल तर माणूस तेव्हाच सावरेल. हात धुऊन, पुसून, परत येऊन सावरायला तो काय मुहूर्ताची वाट पाहत होता?

असा सगळा पुरावा जमत होता, आणि त्याच सुमाराला दिगूमामा त्या काचेच्या आत गेला.

दिगूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. उरल्यात ट्रक तोलायच्या काट्यावर काम. आमच्या घरी आला की आधी माझ्या पाया पडायला वाकायचा आणि मी आधी पाय वर घेऊन सोफ्यावर उभी राहायची. मी समतावादी, तो परंपरावादी, दोघंही हट्टी. "पोट्टे, पाय दे," "नाही देत," असं चाललेलं असायचं आणि आई ओरडायची की चहा थंडा होऊन राहिला. उलट, भाचीनं मामाच्या पाया पडणं म्हणजे मामाला पाप. लहानपणी खेळताना माझा हात चुकून त्याच्या पायाला लागला, तर आजी मला देवासमोर उभं करायची.

मामाला न्यूमोनिया झाला आणि तो बिघडत गेला. नळी घातली, ताप उतरला, नळी काढली. सगळं ठीक म्हणाले. पण मामा जागा होईना. डोळे अर्धवट उघडायचा, काहीतरी असंबद्ध पुटपुटायचा आणि परत बुडायचा. मेंदूचा फोटो चांगला आला. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, खरं ते सांगायच्या. एके दिवशी त्यांनी तेही सांगितलं की, कदाचित ते असेच राहतील, मनाची तयारी ठेवा. आई भिंतीला टेकून उभी राहिली. बसायला बाकडं नव्हतं.

तेवढ्यात वझलवार सर समोर आले. मागे रांग नव्हती, ती त्यांनी जिन्यातच थांबवली होती.

"ताई, तुमचा पेशंट पोट्ट्यांले दाखवू का? नाही म्हना, तरी चालते."

नाही म्हणायचे शब्द मी स्वतः छापले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी आत उभी राहणार. सगळा वेळ."

"राहा ना. पाहणारा पाहिजेच."

मामाच्या खाटेभोवती वर्ग जमला. त्या दिवशी पाळी पूर्वाची होती. तिचा हात फाईलकडे गेला, सर खाकरले, हात मागे आला. ती डोळ्यांपासून सुरू झाली. श्वास ठीक. ताप नाही. मग ती अडखळली.

"सर, इनके हाथ झटके मार रहे हैं. छोटे-छोटे."

"पुढं चाल."

"पिशवीत... पेशाब कम है. घोटे थोड़े सूजे हैं."

"पाऊल?"

पूर्वा वाकणार, तोच सर माझ्याकडे वळले. "तुमी पाहा ताई. घरचा हात हाय. उलट्या हातानं. थंडे का गरम, एवढंच सांगा."

मी उभी राहिले ती राहिलेच. ज्या प्रथेवर मी भाषणं दिली होती, तिनं ऐन वेळी माझा हात धरून ठेवला. मामाला पाप लागेल, ही गोष्ट माझ्या डोक्यात, आजीच्या आवाजात.

"काय झालं?"

"मी भाची आहे त्यांची."

सरांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी चादर बाजूला करून धरली. मी उलटा हात मामाच्या पावलावर ठेवला.

"गरम," मी म्हटलं. "गरम आहे."

"म्हणजे रक्त शेवटच्या गावापर्यंत पोचून राहिलं. ताप नाही, फोटो साफ. मंग मानूस झोपून काहून हाय? आता आना फाईल."

पूर्वानं पानं उलटली. एकेक औषधाला विचारणं झालं. हे फुप्फुसासाठी, हे पोटासाठी, हे रक्त पातळ ठेवायला. एका अँटिबायोटिकपाशी तिचं बोट थांबलं.

"सर, इसको बुलाया तो था. निमोनिया ने. पर जब बुलाया, तब किडनी अच्छी थी. अब किडनी रोज़ थोड़ी-थोड़ी कम हो रही है, और डोज़ वही है."

"मंग?"

"तो दवा बाहर जा नहीं पा रही. जमा हो रही है. दिमाग़ पर असर... झटके, नींद..." ती थांबली आणि मग एकदम मराठीत म्हणाली, "पाहुणा बोलावलेला आहे सर. पण त्याचा जायचा रस्ता बंद झाला."

पोरं हसली. सर हसले नाहीत.

"पक्कं हाय?"

"नहीं सर. शक है."

"शक चांगला. डॉक्टरबाईंले जाऊन शकच सांगायचा, निकाल नाही. निकाल त्यांचा."

डॉक्टरबाईंनी पूर्वाचं ऐकून घेतलं. आकडे परत पाहिले, कारण ते रोज इतके थोडे सरकले होते की कोणाच्या डोळ्यांत भरले नव्हते. मग त्यांनी ते औषध बंद करून दुसरं लिहिलं. मी शेजारी उभी होते. कोणी काही लपवत नव्हतं. मला अशा वेळी काय करायचं असतं ते कळत नाही.

वर्ग पुढे गेला. सर मागे राहिले, मामाच्या पायाशी वाकले. मामाला नेमका तेव्हाच झटका आला, पाय उडाला आणि सरांच्या नाकावरचा चष्मा खाटेच्या दांडीवर आपटून खाली पडला. एक काच गेली. सरांनी तो उचलून रुमालात गुंडाळला आणि मामालाच म्हणाले, "हरकत नाही. पाय तर हालला."

मामा हळूहळू वर आला. आधी आईकडे पाहून रडला, मग चहा मागितला. त्याला साध्या वॉर्डात हलवलं, तेव्हा आईनं कौतुकानं त्याला सांगितलं की भाचीनं स्वतः तुझा पाय पाहिला. मामाचा चेहरा असा झाला की मला वाटलं परत आत न्यावं लागतंय.

"पोट्टीनं माह्या पायाले हात लावला? आन् तुमी पाहत होते? सुटलो घरी की आधी पाय दे मले. सोफ्यावर चढली तर सोफा विकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी वझलवार सर वॉर्डात आले. एकटे. या वॉर्डात त्यांचा वर्ग नव्हता, विद्यार्थी नव्हते, पाहायला औषधंही फारशी उरली नव्हती. माझ्या मनात आलंच, आता याचं इथं काय काम? चष्मा दुरुस्तीला टाकायला अजूनही वेळ मिळाला नसावा. शर्टाच्या खिशात रुमालाची ती पुरचुंडी होती, आणि सर डोळे बारीक करून खाटांचे नंबर वाचत येत होते.

मामाशी दोन शब्द झाले. मग सवयीनं सर खाटेच्या पायथ्याशी गेले आणि वाकले. मामानं पाय ओढून घेतले. त्या बाबतीत तो आता माझ्यासारखाच झाला होता.

"सर, तुमी एवढे मोठे मानूस. माह्या पायाले काहून हात लावून राहिले? मी का तुमचा भाचा हाव?"

"हव," सर म्हणाले.

मामा हसला. "मंग बहीन कोठं हाय तुमची?"

हा प्रश्न आधीच्या विचारणाऱ्यांपैकी कोणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता, एवढी चौकशी करून.

"हाय ना. अभनपूरले." सर दांडीला धरून उभे होते. "आता बोलत नाही. तिचं बराबर हाय. तिचा पोरगा असाच भरती होता. तिनं मले बोलावलं, म्हने, तू औषधाचा मास्तर, तू पाहा." त्यांनी चादरीचं टोक सरळ केलं. "मी बाहेर बसून फाईल वाचली. सगळे कागद वाचले. फाईल चांगली होती. आत गेलोच नाही पाहायले."

मी सोफ्यावर उभं राहून ज्याच्यापासून पाय चोरले, त्या माणसानं आपले दोन्ही पाय हळूच चादरीबाहेर काढले आणि पुढे केले.

सरांनी उलटा हात ठेवला. एका पावलावर, मग दुसऱ्यावर. "गरम," ते म्हणाले. बेसिनपाशी गेले, हात धुतले, नीट पुसले, परत आले. मग तो धुतलेला हात वर गेला, नेहमीसारखा, कपाळापर्यंत, आणि तिथं क्षणभर टेकला.

मी नीट पाहिलं. चष्मा खिशात होता.